हायड्रेंजियाचा शास्त्रार्थ

नीरजाला काळजी करायला कारण लागत नसे. कारण नसलंच, तर ते शोधून काढण्याइतकी ती शिकलेली होती. सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली, लग्न होऊन काशीला रामघाटावर शास्त्र्यांच्या घरी आली, आणि रुची झाल्यापासून तर तिचे डोळे म्हणजे पहाऱ्यावरचे शिपाई झाले. पोरगी जिन्याकडे गेली का, तिने खडा तोंडात घातला का, गच्चीचं दार कुणी उघडं टाकलं का, माकडं कुठल्या भिंतीवर आहेत. सासूबाई अंबिकाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "काशीचा कोतवाल कालभैरव, आणि आमच्या घरची कोतवाल ही. चोर सुटेल एक वेळ, पण पोरगी सुटायची नाही."

या कोतवालीत आणखी एक जीव होता. मागच्या अंगणात, शेजारच्या उंच भिंतीच्या सावलीत लावलेला हायड्रेंजिया.

त्याची गोष्ट अशी. नीरजाचा नवरा मुकुल बँकेत. त्याची काही महिन्यांसाठी अल्मोड्याला बदली झाली, तेव्हा रुची पोटात असताना नीरजा तिथे राहून आली होती. बँकेच्या बंगल्याच्या कुंपणाला लागून हायड्रेंजियाच्या झुडपांची रांग होती, आणि तिच्यावर लहान मुलाच्या डोक्याएवढाले निळे गुच्छ. साधा निळा नव्हे. पाऊस पडून गेल्यावर डोंगराच्या मागे जसा रंग उरतो तसा. ओकाऱ्यांनी हैराण झालेली नीरजा रोज सकाळी त्या फुलांसमोर जाऊन बसे आणि तेवढा वेळ तिला बरं वाटे. पुढे मुकुल परत आला तो ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं एक मुळं फुटलेलं रोप घेऊन. नीरजाने ते लावलं आणि आनंदाच्या भरात सगळ्या रामघाटाला सांगून टाकलं, "येत्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या. आमच्याकडे निळी फुलं बघाल."

चैत्र आला. हळदीकुंकू झालं. फुलाचा पत्ता नव्हता. नुसती पानं, तळहाताएवढी, हिरवीगार, एकावर एक.

गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या गीताकाकू पन्ह्याचा पेला हातात घेऊन मागच्या अंगणात गेल्या, चष्मा वर केला, खाली केला, आणि तिथूनच ओरडल्या, "अगं अंबिका, पालक छान आलाय हो! सब्जी कधी करणार?"

बायका खदखदून हसल्या. नीरजाही हसली, कारण दुसरं काय करणार. पण अंबिकाबाईंना ते लागलं. चारचौघीत आपल्या घराचं हसं झालेलं त्यांना खपत नसे. पाहुण्या गेल्यावर त्यांनी पदर खोचला आणि निकाल दिला.

"हे बघ नीरजा. घरात सावलीची, ओलाव्याची अशी जागा ती एकच. तिथे माझा अळू किती छान आला असता. येत्या चैत्रगौरीपर्यंत बघीन. फूल दिसलं तर तुझं झाड राहील. नाही दिसलं, तर उपटायचं आणि अळू लावायचा. मग कुरकुर करायची नाही."

"नाही करणार, आई."

"आणि मुकुल, तू पण ऐकलंस ना? बायकोची वकिली चालणार नाही."

मुकुल वकिली कसली करणार! गुन्हेगार तोच होता. ते कळलं नीरजाने एका मित्राकडून आणलेलं बागकामाचं जाडजूड पुस्तक वाचलं तेव्हा. दसरा झाला की काशीत सगळे गुलाब छाटतात. मुकुलनेही मोठ्या हौसेने गुलाब छाटले, आणि हात शिवशिवत होते म्हणून हायड्रेंजियाही जमिनीसरसा कापला. हायड्रेंजिया म्हणजे गुलाब नव्हे. तो आपली फुलं जुन्या काडीच्या टोकाशी, पावसाळ्याच्या शेवटालाच मिटून ठेवतो आणि हिवाळाभर सांभाळतो. काडी कापली की पुढचं फूल गेलं.

"म्हणजे मी कळ्याच कापल्या?" मुकुलने विचारलं.

"दिसत नव्हत्या, तरी होत्या."

"मग मला कसं कळणार?"

"मला विचारून," नीरजा म्हणाली, आणि त्याच दिवशी कात्री रुचीच्या झबल्यांच्या पेटीत, तळाशी गेली. कुलूप लावून.

त्या पुस्तकात आणखीही एक ओळ होती, आणि ती नीरजाने कुणालाच सांगितली नाही. या झाडाचं पान, फूल, काडी, सगळं विषारी. पोटात जाऊ देऊ नये. ती ओळ वाचल्यापासून तिच्या जिवाला दुप्पट घोर लागला. झाडाला मुलीपासून सांभाळायचं आणि मुलीला झाडापासून. सासूबाईंना सांगावं, तर झाड त्याच दुपारी उपटलं जाईल. न सांगावं, तर रात्रंदिवस ते मनात टोचत राही. तिने झाडाभोवती बांबूच्या कामट्यांचं कुंपण केलं, त्याच्यावर जाळी ताणली, आणि रुचीला मागच्या अंगणात एकटं म्हणून सोडायचं नाही असा घरात नियम केला. "माकडं येतात ना," एवढंच कारण दिलं. ते खोटं नव्हतं.

पावसाळा उत्तम गेला. झाड कमरेएवढं झालं. आणि मग, गंगेचं पाणी उतरायला लागलं तसं, पानं पिवळी पडायला लागली.

नीरजाने आधी पाणी कमी केलं. मग वाढवलं. पानाच्या पाठी कीड शोधली, मुळाशी वाळवी शोधली. काही नाही. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला भाग लिंबासारखा पिवळा. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांसारखी ती पानं तिच्याकडे बघत. आणि एके दिवशी सकाळी, रुचीला न्हाऊ घालता घालता, न्हाणीघराच्या झरोक्यातून तिने सासऱ्यांना मागच्या अंगणात जाताना पाहिलं.

वेणीमाधवशास्त्री. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. बैठकीच्या खोलीत विद्यार्थ्यांना न्याय शिकवायचे. न्याय म्हणजे कोर्टातला नव्हे, तर्काचा. कुठल्याही गोष्टीला प्रमाण मागणारा. रोज सकाळी स्नान-संध्या झाली की वैश्वदेव करायचे, तांब्याच्या छोट्या कुंडात अग्नी, त्यात भाताच्या आहुती. आणि त्यानंतर उरलेलं भस्म पायदळी येऊ नये म्हणून झाडाच्या बुंध्याशी घालायचे. वर्षानुवर्षं ते तुळशीला घालत.

आज ते तुळशीपाशी थांबले नाहीत. सरळ हायड्रेंजियाकडे गेले, जाळी हळूच बाजूला केली, मुठीतलं भस्म बुंध्याभोवती गोल पसरलं, आणि कानाशी लागून बोलावं तसं झाडाला काहीतरी म्हणाले.

नीरजाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. रुची "पाणी, पाणी" करत राहिली.

संध्याकाळी तिने मुकुलला गाठलं. "अण्णा रोज त्याला राख घालतात."

"मग? भस्माने झाडं चांगली वाढतात. सगळ्या काशीत घालतात."

"सगळी झाडं नाही. याला आंबट माती लागते. राख क्षाराची. झाड मुळाशीच उपाशी मरतंय."

"मग अण्णांना सांग."

"तू सांग. तुझे वडील आहेत."

"तुझं झाड आहे."

"मुकुल!"

"हे बघ, मी बँकेत चेक परत पाठवू शकतो," मुकुल हात जोडून म्हणाला, "अण्णांचं भस्म परत पाठवायची माझी छाती नाही."

दोन-तीन दिवस नीरजाने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. काही धड जमेना. मग अंबिकाबाईंपाशी विषय काढून बघितला, तर त्या भाजी चिरता चिरता थांबल्याच. "लोक यांच्या भस्माने ताप उतरवून घेतात, आणि तुझं झाड त्याने आजारी पडतं? असलं विलायती नाटक मी नाही ऐकलं कधी."

शेवटी नीरजाने ठरवलं. अण्णांना विनवणी करून उपयोग नाही. विनवणी केली तर ते "बरं सूनबाई" म्हणून थांबतील, पण मनात दुखावलेले राहतील. त्यांना प्रमाण द्यायला हवं. घरात शास्त्रार्थ हा मानाचा प्रकार होता. अण्णा विद्यार्थ्यांशी भांडत, पाहुण्यांशी भांडत, आणि जिंकल्यापेक्षा हरल्यावर जास्त खूश होत. तसे ते फार क्वचित हरत, हा भाग वेगळा.

रविवारी सकाळी, वैश्वदेव झाल्यावर, ती अंगणात आडवी उभी राहिली. मूठ मिटलेले अण्णा थांबले.

"अण्णा, एक विचारायचं होतं. वादाला परवानगी आहे का?"

अण्णांच्या भुवया वर गेल्या. मग मिशीत हसू आलं. "सुनेशी वाद घालायला शास्त्रात मनाई नाही, घरात असली तरी. बोल. पक्ष काय?"

"हे भस्म या झाडाला बाधतं."

पाटावर बसून तांदूळ निवडणाऱ्या अंबिकाबाईंनी सूप खाली ठेवलं. मुकुल वर्तमानपत्रामागे लपला.

"हेतू? कशावरून?" अण्णा म्हणाले.

"पानं पिवळी पडली."

"हा हेतू झाला? डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे, एवढं मी विद्यार्थ्यांना शिकवतो. पान पिवळं दिसलं की भस्म, हे कुठून आलं? पाण्याने पडेल, उन्हाने पडेल, वयाने पडेल. माझे केस पिकले ते काय भस्माने?"

"म्हणून दाखवायलाच आणलंय," नीरजा म्हणाली, आणि तिने पदराआडून पानाचे चार द्रोण काढून कट्ट्यावर मांडले. चारांतही चिमूट चिमूट हळद होती. "आई, इकडे या ना. तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं."

पहिल्या द्रोणात तिने नळाचं पाणी घातलं. हळद पिवळीच राहिली. दुसऱ्यात गंगेचं. पिवळीच. तिसऱ्यात चिंचेचा कोळ. उलट जास्त उजळली. मग तिने अण्णांपुढे ओंजळ केली. अण्णांनी मुठीतलं भस्म तिच्या ओंजळीत दिलं. तिने ते वाटीत कालवलं, फडक्यातून गाळलं, आणि ते पाणी चौथ्या द्रोणात ओतलं.

हळद लाल झाली. बघता बघता, विटकरीसारखी लाल.

"अगं बाई!" अंबिकाबाई पुढे वाकल्या. "हळदीचं कुंकू झालं! चुना घातल्यासारखं. मग हे तर शुभच की!"

"कपाळाला शुभ, आई. मुळांना नाही. चुन्यात जे आहे तेच यात आहे. चुन्यात झाड लावाल का तुम्ही?"

अण्णा द्रोण उचलून उजेडात धरून बघत होते. "क्षार," ते स्वतःशीच म्हणाले. मग एकदम मान वर केली. डोळे चमकत होते. त्यांना वादात पेच सापडला की ते असे चमकत. "थांब. तुझ्या व्याप्तीला, म्हणजे नियमालाच, भोक आहे. तुळशीला मी किती वर्षं हेच भस्म घालतोय. ती का नाही पिवळी पडली?"

नीरजाला हा प्रश्न येणार हे माहीत होतं.

"अण्णा, तुम्हाला मिरची चालत नाही. आईंना मिरचीवाचून घास उतरत नाही. म्हणून मिरची बाधते हे खोटं झालं का? ज्याची प्रकृती तशी, त्याला बाधते. तुळस इथली आहे, तिला हे पचतं. हे पहाडातलं आहे. तिकडच्या आंबट मातीत वाढलंय."

वर्तमानपत्रामागून मुकुल फुसकन हसला. अंबिकाबाई म्हणाल्या, "माझ्या मिरचीला कशाला मध्ये ओढता!"

पण अण्णा हसले नाहीत. ते आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते. राखेची करडी रेघ अजून तळव्यावर होती.

"म्हणजे मी रोज," ते म्हणाले, "तू एवढी जपतेस, म्हणून तुळशीचं काढून याला देत होतो. याला म्हणायचो, बाबा रे, फूल एकदा, पोरीला बोलणी खायला लावू नकोस."

नीरजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुम्ही मायेनेच घालत होतात, अण्णा."

"माया ही मनात, सूनबाई. झाडाच्या मुळाशी गेला तो क्षार." त्यांनी द्रोण खाली ठेवला. "पक्ष सिद्ध. उद्यापासून भस्म तुळशीला आणि गंगेला. आता उपाय सांग."

उपाय नीरजाने कधीच ठरवून ठेवला होता. बुंध्याभोवतीची वरची माती मुकुलने खरवडून काढायची. मागच्या वर्षीच्या कात्रीचं प्रायश्चित्त म्हणून. तिथे कुजलेल्या पानांचं खत घालायचं. आणि पाण्याच्या बादलीत अधूनमधून थोडी तुरटी विरघळवायची. गंगेचं गढूळ पाणी निवळायला घरात तुरटी असतेच, आणि अण्णांच्या दाढीच्या सामानातही.

"तुरटी कशाला?" अंबिकाबाईंनी विचारलं. "झाडाची दाढी करणार की काय?"

"माती आंबट होईल. शिवाय तुरटीत अॅल्युमिनियम असतं. आंबट मातीतून झाडाला ते मिळालं की फूल निळं येतं. क्षाराच्या मातीत तेच फूल गुलाबी येतं."

अण्णांनी बोट वर केलं. "मग मी आता प्रतिपक्ष घेतो. माझं भस्म त्या मातीत खोल मुरलंय. फूल येईलही कदाचित, पण येईल ते गुलाबी."

"निळं येईल."

"बघू. निळं आलं तर माझा पराजय चारचौघांत जाहीर करीन."

"पराजय राहू दे," अंबिकाबाई सूप उचलत म्हणाल्या. "आधी काहीतरी येऊ दे. मी अळूचे कांदे सांगून ठेवलेत."

हिवाळा आला आणि झाडाची पानं गळून गेली. उरल्या नुसत्या काड्या, करड्या, वाळक्या दिसणाऱ्या. सकाळच्या धुक्यात ते झाड नव्हे तर कुणी जळणाचा भारा उभा करून ठेवलाय असं वाटे. गीताकाकू आल्या की सांत्वनाला आल्यासारख्या त्याच्यापुढे उभ्या राहत. "गेलं का गं?" असं हळू आवाजात विचारत. नीरजा नखाने काडीची साल किंचित खरवडून दाखवी. आत हिरवं असे. "झोपलंय, काकू."

"बरं. आमचे हे पण असेच झोपतात," गीताकाकू म्हणत, "पण सकाळी उठतात तरी."

फाल्गुनात काड्यांच्या टोकांवरचे डोळे फुगले. आधी पानं सुटली, या वेळी गडद हिरवी. आणि एका सकाळी दोन पानांच्या बेचक्यात नीरजाला मोहरीच्या दाण्यांची मूठ बांधावी तसा एक हिरवा गोळा दिसला. ती कितीतरी वेळ श्वास रोखून बघत राहिली. मग दुसऱ्या काडीवर बघितलं. तिथेही. तिसऱ्यावरही. तिने कुणाला सांगितलं नाही. गेल्या खेपेला सांगून काय झालं होतं ते ती विसरली नव्हती.

पण माकडांना कुणी सांगावं लागत नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात टोळी भिंतीवर आली. एक थोराड नर कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी ओढत होता, जणू त्याचं काही हरवलं होतं आत. नीरजा रुचीला कडेवर घेऊन काठी आपटत धावली. माकडाने तिच्याकडे बघून दात विचकले. तिनेही विचकले. रुचीला तो खेळ वाटला, तिनेही विचकले. माकड बहुधा एकाच घरातली एवढी तोंडं बघून बावरलं, दोरीवरचा मुकुलचा बनियन ओढून घेऊन भिंतीवर चढलं आणि गेलं.

त्या दुपारी नीरजा विश्वनाथाच्या गल्लीत गेली. बेलपत्र विकणारे पानं खुडून काटेरी फांद्या कोपऱ्यात टाकून देतात. त्यांतली एक मोळी तिने मागून आणली, आणि जाळीच्या बाहेरून झाडाभोवती बेलाच्या काट्यांचा कोट उभा केला. अंबिकाबाई बघत होत्या. "लंका वसवतेस का गं?" पण त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या वाकून काट्यांमधून आत बघत होत्या.

"हे हिरवं काय?"

"कळ्या."

दुसऱ्या दिवसापासून अंबिकाबाईंच्या पोथीवाचनाची जागा देवघरातून मागच्या अंगणात हलली आणि काठी त्यांच्या शेजारी आली.

चैत्रगौर झोपाळ्यावर बसली. हळदीकुंकवाचा शुक्रवार ठरला. आणि गुच्छ फुगले, उमलले, पण हिरवटच. पांढरट हिरवे, गच्च. गीताकाकू आमंत्रणाचं विचारायला म्हणून आल्या आणि बघून टाळी वाजवून हसल्या. "गेल्या साली पालक, आणि या साली गोभी! बहू, तू बगीचा लावलास की सब्जीमंडी?"

"फूल आहे काकू. रंग मागाहून चढतो."

"चढू दे, चढू दे. शुक्रवारपर्यंत चढला म्हणजे झालं."

ऊन तापायला लागलं होतं. दुपारी गरम वारा गल्लीतून शिरून अंगणात फिरे आणि एवढाली पानं ओल्या फडक्यासारखी लोंबू लागत. नीरजा झाडावर जुनी साडी भिजवून बांधी. पदराचा वारा घालायचंच काय ते तिने बाकी ठेवलं होतं. बुधवारी सकाळी तिला एका पाकळीच्या कडेला काहीतरी दिसलं. रेघ. सावली असेल, म्हणून तिने मान वळवून बघितलं. सावली नव्हती. गुरुवारी सकाळी सगळा गुच्छ आतून उजळल्यासारखा झाला होता, आणि त्याच्या रंगाबद्दल आता कुणाला शंका घेता आली नसती.

निळा. अल्मोड्याइतका गडद नव्हे, किंचित हलका; पण निळा. सगळेच्या सगळे गुच्छ.

अंबिकाबाई बाहेर आल्या. उभ्या राहिल्या. कमरेवरचे हात हळूहळू खाली आले. मग त्या एकदम कामाला लागल्या, "मोठे चार गुच्छ झोपाळ्याला बांधू. दोन गौरीच्या दोन्ही बाजूंना. आणि कैरीच्या डाळीच्या ताटाभोवती याच्याच पाकळ्यांची महिरप काढू. काय दिसेल!"

गेले कितीतरी महिने गिळलेली ती ओळ नीरजाच्या घशाशी आली. आत्ता बोललं, तर हातातोंडाशी आलेलं जाणार. आणि न बोललं, तर उद्या ताटाभोवती पाकळ्या, आणि आयांच्या पदराला धरून आलेली पोरं.

"आई, डाळीच्या ताटापाशी नको."

"का?"

"विषारी आहे. पान, फूल, सगळंच. मला माहीत होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही उपटलं असतंत."

अंबिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग काट्यांच्या कोटाकडे, बांबूच्या कुंपणाकडे, जाळीकडे. "म्हणून हे सगळं? आणि मी म्हणत होते, माकडांसाठी एवढं कुणी करतं का."

"चुकलंच माझं."

"सांगायला हवं होतंस. माझी पण नात आहे ती. एक कोतवाल असण्यापेक्षा दोन बऱ्या." आणि मग त्या चक्क हसल्या. "पण विषाला घाबरून मी झाड उपटीन? अगं, काशीत राहतेस तू. विश्वनाथाच्या पिंडीवर रोज काय असतं? धोत्रा. रुई. दारात आपल्या कण्हेर आहे, ती काय कमी विषारी? जो हलाहल प्यायला त्याच्या गावात फुलाच्या विषाची कसली मातबरी! पोरांच्या हाताला लागणार नाही इतकं उंच बांधू, झालं. ताटाला मोगरा."

शुक्रवारी संध्याकाळी गल्लीतल्या आणि दुर्गाघाटाकडच्या बायका आल्या, आणि दारातच खोळंबल्या. पितळी झोपाळ्यात गौर, आणि तिच्या डोक्यावर निळ्या गुच्छांचं छत. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर तो रंग असा उठला होता, की मागच्या बायका "काय आहे, काय आहे" म्हणत पुढच्यांना ढकलत होत्या. कुणी तरी विचारलं, कागदाची का हो? गीताकाकू पुढे झाल्या. चष्मा वर केला, खाली केला. बोट लावून बघितलं.

"खरी आहेत," त्यांनी जाहीर केलं. मग नीरजाकडे वळून म्हणाल्या, "बहू, गोभी म्हणणाऱ्या तोंडात आता तूच डाळ घाल. माझं तोंड माझ्याने उघडत नाही."

नीरजाने खरंच चमचा भरून डाळ त्यांच्या तोंडात घातली, आणि हशा पिकला तो थेट बैठकीच्या खोलीपर्यंत गेला. पुरुषांनी हळदीकुंकवात यायचं नाही, म्हणून अण्णा दोन विद्यार्थ्यांसह तिथे अडकून बसले होते. तिथूनच त्यांचा खणखणीत आवाज आला.

"अहो, ऐका सगळ्या! या घरात भस्मावरून एक शास्त्रार्थ झाला. त्यात वेणीमाधवाचा पराजय झाला आहे. दोन्ही मुद्द्यांवर!"

"ऐकलं हो, ऐकलं!" बायका एकसुरात ओरडल्या. कशावरून काय ते बहुतेकींना ठाऊक नव्हतं. पण शास्त्रीबुवा हरले एवढं पुरेसं होतं.

मग सगळ्या मागच्या अंगणात लोटल्या. अंबिकाबाई बेलाच्या कोटापाशी रुचीला कडेवर घेऊन उभ्या राहिल्या आणि जन्मभर हेच शिकवत आल्यासारख्या सांगू लागल्या. "दसऱ्यानंतर कात्रीला हात लावायचा नाही. राख बिलकुल नाही. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. आणि मुलांच्या तोंडात जाऊ द्यायचं नाही, हे आधी ऐका." कुणी अळूचं विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अळू बाजारात मिळतो हो. हे मिळतं का?"

"अंबिका, मला एक डहाळी दे ना," गीताकाकू म्हणाल्या. "आमच्याही मागे भिंत आहे."

"मला काय मागतेस? झाड तिचं आहे. तिला माग."

सगळ्यांची तोंडं नीरजाकडे वळली. गेल्या चैत्रात याच अंगणात, याच बायकांसमोर तिला कुठे बघावं कळत नव्हतं. आता तिने पदर नीट खोचला.

"देईन काकू. पण आत्ता नाही, पावसात. फुलावरचं झाड तोडायचं नाही. आणि आधी मला तुमची जागा बघायला हवी. ऊन कुठून येतं, पाणी कुठलं, माकडं कुठल्या बाजूने उतरतात."

"मग आत्ताच चल ना! उजेड आहे अजून."

"माझ्याकडे पण ये गं," मागून कुणी तरी म्हणालं. "आमच्या गच्चीवर होईल का?"

"गच्चीवर नाही होणार. कुंडीत, जिन्याखाली करून बघू," नीरजा म्हणाली, आणि जोडे घालून बाहेर पडली. गल्ली एवढी अरुंद, की जोडीने चालणं कठीण. पुढे नीरजा, तिच्या मागे गीताकाकू, त्यांच्या मागे केसात मोगरा आणि हातात ओटीचे हरभरे घेतलेल्या एकामागून एक बायका. समोरून एक सांड संथपणे येत होता. काशीत सांडाला वाट द्यायची असते. नीरजा मात्र चालतच राहिली, आणि काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, तोच एका दाराच्या पायरीला अंग चोरून उभा राहिला.